निळे स्फटिक आणि ओइकावा-सानांचे हात

आमच्या संस्थेच्या तळघरात एक फुगा आहे. नारिंगी रबराचा, दोन खोल्यांएवढा. वरच्या मजल्यांवर संशोधक मंडळी आपल्या प्रयोगांत द्रव हेलियम वापरतात, त्याचा वायू होतो आणि तो नळ्यांमधून खाली माझ्या फुग्यात येतो. मी त्याला दाबतो, गार करतो, पुन्हा द्रव बनवतो आणि वर पाठवतो. वर कामं जोरात असली की फुगा टम्म फुगतो, सुट्टीच्या दिवशी जमिनीवर अंग टाकून निजतो. एकतीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला. माझं नाव निइनुमा. लोक मला तापट म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. नळीचा जोड नीट न लावता हेलियम हवेत सोडणाऱ्याला मी प्राध्यापक बघत नाही की शिपाई, सरळ फैलावर घेतो. हवेत गेलेलं हेलियम परत मिळत नाही. ते वर वर जात राहतं आणि शेवटी पृथ्वी सोडून निघून जातं. या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

ओइकावा सेत्सु रोज बाराच्या ठोक्याला या फुग्यापाशी यायच्या. त्यांना शांतता हवी असायची आणि अख्ख्या इमारतीत शांतता फक्त माझ्याकडे होती.

"निइनुमा-सान, आज स्वारी कशी आहे?" फुग्याकडे बघून विचारायच्या.

"जेवलाय पोटभर. तिसऱ्या मजल्यानं चारलंय."

"आणि तुम्ही?"

"माझं काय, मी रागावर जगतो."

त्यांच्या डब्यात सामन मासा भरलेले भाताचे गोळे असत आणि आमच्या सेंदाई शहराची छोटी वांगी, मिठात मुरवलेली. त्या वांग्यांना एक खोल निळाजांभळा रंग चढतो. ओइकावा-सान ज्या स्फटिकांवर जीव टाकायच्या त्यांचा रंग थेट तोच. एकदा मी तसं म्हटलं तर चार दिवस त्यांनी डब्यात वांगी आणली नाहीत. म्हणाल्या, आता चावताना कसंतरी होतं.

त्या मूळच्या कारकुवाच्या. तिथल्या खाडीत त्यांचे वडील कालवं पोसायचे. पाण्यात दोर सोडायचे आणि दोन-दोन वर्षं वाट बघायची, हा त्या घरचा धंदा. चोविसाव्या वर्षी त्या संस्थेत काचसामान धुवायला लागल्या. कुणीतरी एकदा एक बाटली धुवायला न देता विसरून गेलं. ओइकावा-सानांनी ती न धुता ठेवून दिली, रोज बघत राहिल्या, आणि महिन्याभराने तिच्या तळाशी नखाएवढा सुरेख स्फटिक उभा राहिला. तेव्हापासून स्फटिक वाढवणं हेच त्यांचं काम झालं. नवरा ट्राम चालवायचा. ट्राम बंद झाल्या, पुढे नवराही गेला, आणि त्या शीतखोलीत स्फटिक वाढवत राहिल्या.

या स्फटिकांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांत लोखंड नसतं, निकेल नसतं, कुठलाच धातू नसतो. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, म्हणजे आपल्या कातडीत जे असतं तेच. बहुतेक रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने संसार करतात. या रेणूंत मात्र प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहिलेला असतो, आणि असा प्रत्येक एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकलं चुंबक. उबेत ही चुंबकं वाटेल तिकडे तोंड करून भिरभिरत असतात, त्यामुळे बाहेरून काहीच जाणवत नाही. थंडी वाढवत नेली, अगदी ज्याच्या खाली थंडीच उरत नाही अशा शून्याजवळ नेली, की ती शेजाऱ्याची चाहूल घेऊ लागतात. कधी सगळी एकाच दिशेला तोंड करतात आणि अख्खा स्फटिक चुंबक होतो. कधी शेजारी एकमेकांच्या उलट तोंड करून बसतात आणि सगळं मुसळ केरात. कोण कसं बसणार हे रेणू एकमेकांशेजारी कसे रचले गेले त्यावर ठरतं. म्हणजे स्फटिक वाढवणाऱ्याच्या हातावर ठरतं.

ओइकावा-सानांना यातलं गणित येत नव्हतं. पण त्या म्हणायच्या, "माणसांसारखंच की. उन्हाळ्यात पोरं घरभर पसरलेली. हिवाळा लागला की सगळी शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून, एकीकडे तोंड करून, टीव्ही बघत बसतात." याहून चांगलं मला आजवर कुठल्याही प्राध्यापकाने सांगितलेलं नाही.

त्यांची शीतखोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. आत कायम चार अंश. फळीवर काळ्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीखाली ओइकावा-सानांनी शिवलेली कापसाची गादी, इमारतीचा धक्का लागू नये म्हणून. दार आपटलं तर त्या ओरडायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. दाराबाहेर स्टुलावर एक लाकडी ताट ठेवलेलं असे. घड्याळ, किल्ल्या, केसांच्या पिना, पट्टे, सगळं त्या ताटात काढून आत जायचं. लोखंड हा आमच्या धंद्यातला चोर. त्याचा एक कण स्फटिकाला चिकटला तरी मेलेला स्फटिकही चुंबक असल्याचा आव आणतो. प्राध्यापक तेशिरोगी एकदा पट्टा काढून आत गेले आणि पंधरा मिनिटं एका हाताने विजार धरून बोलत राहिले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ओइकावा-सान स्फटिक उचलायच्या तेही बांबूच्या काड्यांनी, स्वतः तासलेल्या.

ही गोष्ट त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातली. एकतीस मार्चला त्या साठीच्या नियमाने निवृत्त होणार होत्या. त्या वर्षी बर्फ लवकर पडला आणि त्यांची मनगटं फार दुखायला लागली. पण कामात खंड नव्हता. कुवाबारा नावाच्या साहाय्यकाने एक नवा रेणू बनवला होता आणि त्याचे स्फटिक त्यांनाच वाढवायचे होते. कुवाबारा चौतीस वर्षांचा, अबोल, घरी दुसरं बाळ येऊ घातलेलं. त्याचीही नेमणूक मार्चअखेर संपत होती, आणि पुढची मिळेल की नाही ते या रेणूवर अवलंबून होतं. मी त्याला, धाकट्याला म्हणतात तसं, कुवाबारा-कुन म्हणायचो. ओइकावा-सान मात्र आपल्या मुलाच्या वयाच्या त्या माणसाला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायच्या आणि दरवेळी तो कानापर्यंत लाल व्हायचा.

जानेवारीत पहिली खेप तयार झाली. मोठ्या चुंबकमापक यंत्रात नमुना धरायला आम्ही सरबताची नळी वापरतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. नळीत चार स्फटिक घालून कुवाबाराने यंत्र सुरू केलं. असे स्फटिक चुंबक झालेच तर शून्यापासून अंश-दीड अंशावर होतात. हे त्याच शून्यापासून पाच अंशांवर चुंबक होते. वीसवर होते. शंभरवर होते. शेवटी खोलीच्या तापमानालाही ते चुंबकच राहिले.

बातमी दुपारपर्यंत तळघरात पोहोचली. धातूचा कण नसलेलं, चहाच्या कपाशेजारी ठेवता येईल असं चुंबक! जगात कुणाकडे नव्हतं.

"लोखंड असेल," कुणीतरी बैठकीत म्हणालं.

"ओइकावा-सानांच्या खोलीत?" तेशिरोगी म्हणाले. "लोखंड?"

सगळे हसले. मीही हसलो. हेलियमच्या वाटपासाठी मला त्या बैठकीला बसावं लागायचं. शंका तिथेच मिटली, कारण त्या बाईंच्या हातांवर आमचा आमच्या यंत्रांपेक्षा जास्त विश्वास होता. मग तेशिरोगींनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. या निबंधावर लेखकांमध्ये ओइकावा-सानांचं नाव असेल. छत्तीस वर्षांत शंभरेक निबंधांच्या शेवटी त्यांचे आभार मानलेले होते, बारीक अक्षरात. तंत्रज्ञाचं नाव वर, लेखकांत, हे आमच्या इमारतीत कधी झालं नव्हतं. ओइकावा-सान मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या इतक्या खाली वाकल्या की मला त्यांचा चेहराच दिसला नाही. दुसऱ्या दिवशी डब्यापाशी म्हणाल्या, "नवऱ्याच्या तसबिरीला सांगितलं मी. म्हटलं, छापून येणार आहे. बघा बाई, लहान मुलीसारखी उड्या मारतेय या वयात." मला तेव्हा फार बरं वाटलं. इतकं की त्या दिवशी मी कुणावर ओरडलो नाही.

त्यानंतर आठवड्याभराने त्या सकाळी दहाला खाली आल्या. बाराच्या आधी त्या कधीच आल्या नव्हत्या.

"निइनुमा-सान, तुमच्याकडे चुंबक आहे का?"

सूचनाफलकावर कागद धरायला असतो तो चुंबक मी काढून दिला. त्यांनी कामाच्या डगल्याच्या खिशातून एक कापडी पुडकं काढलं. काइरो होता तो. आमच्याकडे हिवाळ्यात सगळेच खिशात बाळगतात. हातात चोळला की तापतो आणि दिवसभर ऊब देतो. त्याची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती. ओइकावा-सानांनी त्यातली काळी पूड चिमूटभर कागदावर टाकली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. पूड उभी राहिली आणि चुंबकामागे चालायला लागली.

मी कागद जवळ ओढून पुन्हा बघितलं.

"शेजारणीनं खोकंभर आणून दिले," त्या म्हणाल्या. "मनगटांसाठी. आत डगल्याच्या खिशात ठेवायचे. बोटं आखडली की खिशात घालायची, ऊब घ्यायची, की परत काम. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. लोखंडाची पूड, पाणी, मीठ, कोळसा. मी वाचलंच नाही. ऊब काय वाचायची असते?"

मी चुंबक परत फलकावर लावला.

"छत्तीस वर्षं मी लोकांचे पट्टे सोडवले, निइनुमा-सान. आणि स्वतः खिशात लोखंड घेऊन आत जात होते."

मग मी बोललो, आणि जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "ते पुडकं माझ्याकडे द्या. मी भट्टीत टाकतो. तुम्ही चहा प्या. एकतीस मार्चला हार घालून घरी जा. पुढे कुणाला काय सापडायचं ते सापडू दे. तुमचं नाव छापून येऊ दे एकदा. छत्तीस वर्षांत काय मागितलंत तुम्ही?"

त्यांनी पुडकं दिलं नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

"मी नवी खेप लावते," त्या म्हणाल्या. "उघड्या हातांनी. कदाचित तीही तशीच निघेल. कदाचित लोखंडाचा यात काही संबंध नसेल." मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "नसेल, नाही का?"

"नसेल," मी म्हणालो. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय.

पुढचे तीन आठवडे मला स्वप्नातल्यासारखे आठवतात. बाहेर बर्फ पडत होता, संथ, आवाज न करता. दुपारी मी काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या मजल्यावर जायचो, घड्याळ ताटात ठेवायचो आणि शीतखोलीत शिरायचो. ओइकावा-सान स्टुलावर बसलेल्या असायच्या. डगल्याचे खिसे त्यांनी शिवून टाकले होते. हात मांडीवर, उघडे, मुळ्यासारखे लालबुंद. दाराच्या छोट्या काचेतून बर्फाचा उजेड आत यायचा आणि खोलीत दिवस आहे की संध्याकाळ ते कळायचं नाही. त्या फडकं जरासं बाजूला करायच्या. बाटलीत निळं पाणी आणि त्याच्यावर अलगद तरंगणारं दुसरं बिनरंगी पाणी. दोन्ही एकमेकांत इतक्या हळू उतरायची की बघताना आपलाच श्वास मंद व्हायचा. आणि सीमेवर कुठेतरी, कालपर्यंत काहीच नव्हतं तिथे, एक निळी सुई.

"आली बघा," त्या कुजबुजायच्या. "ऐकू येतं का काही?"

"काय ऐकू यायचंय?"

"मला येतं. आमच्या खाडीत पहाटे कालवांचे दोर कुरकुरायचे ना, तसं."

मला काही ऐकू यायचं नाही. पण मी तिथून खाली आलो की फुग्याचा श्वास ऐकत बसायचो आणि मला वाटायचं, अख्खी इमारतच निजली आहे आणि निजेत कुठेतरी ते एकटे इलेक्ट्रॉन कुशी बदलताहेत. माझ्यासारख्या माणसाला असं वाटायला लागलं म्हणजे बघा.

कुवाबारा त्या दिवसांत हेलियम न्यायला यायचा आणि आधीपेक्षाही कमी बोलायचा. आनंदाने असेल, असं मी धरून चाललो होतो. एकदा जाता जाता म्हणाला, "निइनुमा-सान, ओइकावा-सानांचे हात फार लाल झालेत हल्ली." मी म्हणालो, "थंडी आहे." तो म्हणाला, "हो. थंडी आहे." आणि गेला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती बैठक झाली. वसंतातल्या परिषदेसाठी निबंधाचा सारांश त्या दिवशी पाठवायचा होता. तेशिरोगी खुशीत होते, सगळ्यांसाठी गोडाचं आणलं होतं. कुवाबारा उभा राहिला.

"सारांश पाठवू नये अशी विनंती आहे," तो म्हणाला. "नवी खेप मोजली. पाच अंशांवर त्यात काहीही नाही. पहिल्या खेपेत लोखंड होतं. चूक माझी. नमुन्याची नळी मी लोखंडी कात्रीनं कापली आणि धुतली नाही."

तेशिरोगींचा चेहरा उतरला आणि मग तापला. "कात्रीनं? चौतीस वर्षांचे झालात! पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे! मी तीन देशांत पत्रं लिहून बसलोय, कुवाबारा-कुन. तुमच्या नेमणुकीसाठी कुणापुढे शब्द टाकू आता मी? कुठल्या तोंडानं?"

कुवाबारा कमरेत वाकून उभा होता. मी मागे बघितलं. ओइकावा-सान पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मला एकच वाटत होतं, गप्प राहा. त्याने घेतलंय अंगावर, तर घेऊ दे. तो तरुण आहे. सांगायला नको, पण खरंच तसं वाटलं मला.

त्या उठल्या. पुढे आल्या, रुमाल सोडला आणि ते उसवलेलं पुडकं गोडाच्या ताटाशेजारी ठेवलं.

"कात्री नव्हती," त्या म्हणाल्या. "हे होतं. माझ्या खिशात. महिन्याभरापासून मला माहीत आहे. मी बोलले नाही, कारण माझं नाव छापून यावं असं मला वाटत होतं." आणि त्या जमिनीवर गुडघे टेकून, कपाळ टेकून वाकल्या.

 तेशिरोगींनी विचारलं, "कुवाबारा-कुन, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"दहा दिवसांपासून," तो म्हणाला. "मोठ्या स्फटिकात चुंबकत्व जास्त हवं ना? इथे लहानात जास्त होतं, मोठ्यात कमी. म्हणजे ते स्फटिकाचं नव्हतंच, वरून चिकटलेलं होतं. भिंगाखाली बघितलं तर गंजाचा ठिपका. सायकलवर येताना माझ्याही खिशात काइरो असतो."

"मग कात्रीचं कुठून काढलंत?"

"मला ही चूक भरून काढायला तीस वर्षं आहेत, सेन्सेई. त्यांना तीस दिवस."

ओइकावा-सान उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "सेन्सेई," त्या कुवाबाराला म्हणाल्या, "माझी चूक मला परत द्या. दुसऱ्याची चूक अशी न विचारता उचलून नेतात का? घरी बाळ यायचंय तुमच्या, आणि असल्या वस्तू गोळा करत फिरता?"

कुणाला हसावं की रडावं कळेना. कुवाबारा कानापर्यंत लाल झाला.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी कुवाबाराने आम्हा दोघांना वर बोलावलं. नव्या खेपेचे, उघड्या हातांचे ते स्फटिक तो खऱ्या थंडीत उतरवणार होता, मोठ्या यंत्राची पोच जिथे संपते त्याच्याही खाली. मी माझं सर्वांत शुद्ध हेलियम घेऊन गेलो. काचेच्या भांड्याच्या मुलाम्यात आत बघायला सोडलेल्या फटीतून ते उकळताना दिसत होतं. पंप सुरू झाला, थंडी उतरत गेली, आणि मग तो क्षण आला जो मी हजार वेळा पाहिला असेन. उकळणं एकाएकी थांबलं. एक बुडबुडा नाही. पातळ काचेसारखं निश्चल पाणी, जणू ते कसला तरी निरोप ऐकायला थांबलंय. ओइकावा-सानांनी माझी बाही धरली.

त्याच्याही खाली गेलो. शून्यापासून दीड अंश. एक अंश. चुंबकत्व नोंदणाऱ्या कागदावर यंत्राचं पेन आडवंच चाललं होतं. खिडकीबाहेर बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होते.  मला वाटलं आता असंच चालत राहणार, आपण तिघं इथेच बसून म्हातारे होणार. नऊ दशांश. आठ दशांश.

पेन वर चढलं.

ते थांबेचना. सावकाश, न डगमगता वर चढत राहिलं. कुवाबारा तोंडाने काही न म्हणता नुसतं बोटाने दाखवत होता.

"सगळे?" ओइकावा-सानांनी विचारलं.

"सगळे."

"एकाच बाजूला?"

"एकाच बाजूला, ओइकावा-सान. एकूण एक."

त्यांनी दोन्ही लाल हात तोंडावर ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते. आठ दशांश अंशावर चुंबक होणारी वस्तू कुणाच्या कसल्याही कामाची नसते. तेवढ्या थंडीत कुणी राहत नाही, जात नाही. तरी ते खरं होतं.

कुवाबाराची नेमणूक वाढली नाही. बाळाला घेऊन तो कुशिरोच्या एका छोट्या महाविद्यालयात गेला, आमच्यापेक्षाही थंड गावात. जाताना ओइकावा-सानांनी त्याला सांगितलं, "आठ दशांशचं लिहाल तेव्हा माझं नाव नको. पण पहिल्या खेपेची चूक लिहा. माझी म्हणून लिहा. लोक कात्री कात्री म्हणत बसतील नाहीतर." त्याने वाकून नमस्कार केला आणि हो म्हणाला.

दीड वर्षाने निबंध छापलेला अंक आला. ओइकावा-सान तेव्हा कारकुवाला भावाच्या घराशेजारी राहत होत्या. मी बसने तिथे गेलो. त्यांनी चहा ठेवला, कालवं भाजली, आणि मी अंक काढला तसं म्हणाल्या, "इंग्रजी मला येत नाही. चूक कुठे आहे ती आधी वाचा."

ती तिसऱ्या पानाच्या तळाशी होती. मी अडखळत अर्थ सांगितला. "आधीच्या एका खेपेत, लेखकांपैकी एकीने, से. ओइकावा यांनी, शीतखोलीत वापरलेल्या काइरोतील लोखंडाची पूड मिसळली गेली होती. त्या खेपेचे निष्कर्ष मागे घेण्यात येत आहेत. या निबंधातील सर्व स्फटिक त्यांनीच पुन्हा वाढवले आहेत."

त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"काय म्हणालात? कुणी वापरलेल्या?"

"लेखकांपैकी एकीने."

मी पहिलं पान उलटून दाखवलं. वर तीन नावं होती. कुवाबारा, ओइकावा, तेशिरोगी. सोबत कुवाबाराची चिठ्ठी होती. तुम्ही चूक मालकिणीच्या नावानं छापायला सांगितली होती, त्यात त्याने लिहिलं होतं, आणि लेखक नसलेल्या माणसाची चूक निबंधात छापायची कशी हे मला काही सुचेना. तेशिरोगी-सेन्सेईंनाही सुचलं नाही. क्षमा असावी.

ओइकावा-सानांनी आपल्या नावावर बोट ठेवलं, मग तिसरं पान काढून त्या तळटिपेवर ठेवलं, आणि पुन्हा नावावर. "छत्तीस वर्षं आभार मानले माझे," त्या म्हणाल्या. "आभार पाहुण्यांचे मानतात हो, निइनुमा-सान." 

मग त्या अंक घेऊन उठल्या. देव्हाऱ्यात नवऱ्याची तसबीर होती, ट्रामवाल्याच्या टोपीतली. तिच्यापुढे त्यांनी तिसरं पान उघडून ठेवलं आणि मला जवळ बोलावलं.

"यांना पण वाचून दाखवा. जरा मोठ्यानं वाचा. ट्रामच्या आवाजानं कान गेले होते यांचे."

मी मोठ्याने वाचलं.